झाडांखालच्या परसात पाणी: तळ्याऐवजी दगडी डोण

आपण दिलेली माहिती अशी आहे. मुळशी तालुक्यात १२ गुंठे जागा, पुढे घर आणि मागे सुमारे ५ गुंठ्यांची जुनी झाडी. तीत ऐन, हिरडा, जांभूळ आणि अंजनी, मधोमध एक जुना उंबर आणि कडेला बांबूचे बेट. जमीन घराकडून मागच्या नाल्याकडे उतरत जाते. आपण पुण्याहून पंधरवड्यातून एकदा येता, राखणदार रोज तासभर येऊन जातो, आणि मार्च संपता संपता बोअरचे पाणी कमी होते. या झाडीत १२ फूट बाय १० फुटांचे तळे करावे, त्यात कमळे आणि मासे असावेत आणि देखभाल मात्र कमीत कमी लागावी, असा आपला विचार आहे. त्यासाठी किती खोल खणावे आणि तळाला शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद घालावा की काँक्रीट करावे, असे आपण विचारले आहे.

मी पंचवीस वर्षे मुळशी, मावळ आणि घाटाखाली माणगावपर्यंत बागांची कामे करतो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की या जागी तळे खणूच नये. झाडांखाली पाणी ठेवायचे असेल तर ते थोडे असावे, जमिनीच्या वर असावे आणि हवे तेव्हा पूर्ण रिकामे करता यावे. उरलेले काम पावसावर सोपवावे. आपल्याकडे चार महिने तो इतके पाणी आणतो की त्याला नीट वाट करून देणे हीच एक शोभा होते.

तळ्याला माझा विरोध पालापाचोळ्यामुळे आहे. ऐन आणि हिरडा साधारण फेब्रुवारीपासून पान गाळू लागतात, बांबूची पाने बारमाही उडत असतात, जांभळाचा मोहोर मार्च-एप्रिलमध्ये आणि फळांचा सडा पावसाच्या तोंडावर पडतो, आणि उंबराची फळे तर वर्षातून अनेकदा टपकतात. हे सगळे पाण्यात पडते, पानांतला कस उतरून पाणी चहासारखे तपकिरी होते, आणि तळाशी साठलेला थर कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. नुसत्या तपकिरी रंगाने काही बिघडत नाही. कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला आणि मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, की मात्र तळे हातचे गेले असे समजावे. हे सगळे घडते ते एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे आपल्या बोअरला पाणी नसते त्याच दिवसांत. १२ बाय १० फुटांच्या पाण्यातून सावलीतसुद्धा उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर पाणी हवेत जाते, ते कोठून भरणार?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांच्या आग्रहाखातर आणि माझ्याही हौसेने दोन ऐनांच्या मध्ये असेच काँक्रीटचे तळे बांधले होते. पहिले वर्ष ते फार सुंदर दिसले. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी काळे पडले, तिसऱ्या उन्हाळ्यात मासे मेले, आणि रिकामे केले तेव्हा तळाशी वीतभर काळा, लोण्यासारखा गाळ निघाला. एका कोपऱ्यातून ऐनाचे मूळ भिंतीत शिरले होते. शेवटी तळाला भोके पाडून त्यात माती भरली आणि अळू लावले. ते अळू आजही उत्तम आहे, आणि गृहस्थांनी मला पुन्हा काम दिले हा त्यांचा मोठेपणा.

कागद की काँक्रीट, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे दोन्हीही नको असेच आहे. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद उघड्या माळावर चांगला टिकतो, पण झाडीत मुळे, घुशी आणि खेकडे तो कोठे ना कोठे फोडतात, आणि पाण्याखालचे भोक शोधणे हे महिन्याभराचे काम होऊन बसते. कमळाबद्दलही सांगून ठेवतो. कमळाला आणि कुमुदिनीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते. आपल्या झाडीत पाने येतील, फुले येणार नाहीत.

आता काय करावे ते सांगतो. आपल्याकडे मोटेच्या विहिरीवर थारोळ्याशेजारी (मोटेचे पाणी जिथे ओतले जाते त्या जागेशेजारी) गुरांना पाणी पाजायला दगडी डोण असे, आणि कोकणात डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पोफळीच्या पन्हळीतून घरामागे आणलेले असे. या दोन जुन्या वस्तू एकत्र केल्या की झाडीतल्या परसाला शोभेल असे पाणी तयार होते: एका पन्हळीतून करंगळीएवढी धार डोणीत पडते, डोण भरली की पुढच्या खाचेतून पाणी ओघळून खालच्या गोट्यांत मुरते, गोट्यांखाली पुरलेल्या टाकीत जमा होते, आणि तिथून लहान पंप ते पुन्हा पन्हळीत चढवतो. उघडे पाणी फक्त डोणीपुरते, म्हणजे ६०-७० लिटर. पान पडले तर हाताने उचलता येते.

डोण काळ्या पाषाणातच करून घ्यावी. वाडे पाडल्यावर निघालेल्या जुन्या डोणी विकत मिळतात, पण त्यांत बारीक चिरा असतात आणि त्या पाणी भरल्यावरच कळतात. शिवाय जी वस्तू एखाद्या गावच्या विहिरीवर असायला हवी होती ती आपल्या परसात आणून ठेवावी हे मला रुचत नाही. पाटे-वरवंटे घडवणाऱ्या पाथरवटाकडून ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि आतून ८ इंच खोल अशी नवी डोण घडवून घ्यावी. आतला तळ एका बाजूला उथळ, फार तर दीड इंच पाण्याचा, आणि तिथून खोल भागाकडे उतरता ठेवायला सांगावे, म्हणजे पक्ष्यांना उतरता येते. आतून घासून गुळगुळीत करू देऊ नये. छिन्नीचे घाव राहू द्यावेत, कारण बुलबुल असो की दयाळ, ओल्या गुळगुळीत दगडावर त्यांचे पाय ठरत नाहीत. अशा डोणीचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास भरते. ती टेम्पोतून उतरवायला आणि जागेवर बसवायला तीन खांबांचे तिकाटणे आणि चेनपुली लागेल, हे आधीच ठरवून ठेवावे. चार माणसे लावून ढकलण्याच्या नादात बोटे चिरडलेली मी पाहिली आहेत.

आता जी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते ती. डोणीच्या तळाला, खोल बाजूस, ५ मिलिमीटरचे एक भोक पाडून घ्यावे आणि ते खालच्या गोट्यांत उघडावे. पंप चालू असताना वरून येणारे पाणी या भोकातून जाणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे डोण भरलेलीच दिसते. पंप बंद झाला की दीड-दोन तासांत डोण आपोआप रिकामी होऊन पाणी टाकीत जाते. डासाला अंड्यापासून उडायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात. ज्या डोणीत एक दिवसही पाणी साचून राहत नाही तिथे डासांची पैदास होऊ शकत नाही, शेवाळ कमी धरते आणि पाने कुजत नाहीत. भोक कधीतरी पानाच्या देठाने तुंबते. राखणदाराने खराट्याची एक काडी तिथेच दगडाच्या फटीत खोचून ठेवावी आणि रोज एकदा भोकात घालून फिरवावी. माझ्या मते कमी देखभाल म्हणतात ती एवढीच.

जमिनीखालच्या टाकीसाठी ५०० लिटरची जाड प्लास्टिकची टाकी पुरे. तिच्या तोंडावर मच्छरदाणीसारखी बारीक नायलॉनची जाळी ताणून बसवावी, तिच्यावर फटी ठेवून शहाबादी फरशीच्या पट्ट्या आणि त्यांवर मूठभर आकाराचे गोटे. लोखंडी जाळी घालू नये, मुळशीच्या हवेत ती तीन-चार पावसाळ्यांत झिजते. नदीपात्रातले गोटे उचलून आणू नयेत. खाणीवरची जाड खडी धुऊन वापरली तरी वर्षभरात तिच्यावर शेवाळाची लव येऊन ती जुनी दिसू लागते. टाकीतल्या पाण्यासाठी राखणदाराने महिन्यातून दोनदा बीटीआयची डासअळीनाशक मात्रा वेष्टनावरच्या प्रमाणात टाकावी. ते विशिष्ट जिवाणूंपासून केलेले औषध आहे, डासांच्या अळ्या मारते आणि पक्ष्यांना, बेडकांना अपाय करत नाही. गप्पी मासे सोडण्याचा सल्ला आपल्याला पुष्कळ लोक देतील. ते परदेशी आहेत, आपल्या मागे नाला आहे, आणि पावसाळ्यात ते तिकडे गेल्याशिवाय राहणार नाहीत. म्हणून मी ते सोडत नाही.

टाकीबाबत एक धोका सांगायलाच हवा. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले की रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. ५०० लिटरच्या रिकाम्या टाकीवर वरच्या दिशेने जवळजवळ ५०० किलोचा जोर येतो आणि ती फरश्या-गोट्यांसकट डोणही कलंडवू शकते. जून लागण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवावी, आणि गाळ काढण्यासाठी ती रिकामी करायची झाल्यास फक्त डिसेंबर ते एप्रिल या काळात करावी.

पंप घेताना पाण्याचा जोर पाहून भुलू नये. तासाला हजार-बाराशे लिटर लिहिलेला २०-२५ वॉटचा पाण्यात बुडणारा पंप घ्यावा. चार फूट वर चढवल्यावर त्याचे पाणी जवळजवळ निम्मे होते आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. १५ लिटरची बादली धारेखाली धरली आणि ती दीड-दोन मिनिटांत भरली, तर धार योग्य आहे. याहून मोठी धार झाडीत ओरडते. पंप टायमरवर सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन तास चालवला तर महिन्याला साधारण ४ युनिट वीज लागते. पाण्याचा ऱ्हास इतका कमी असतो की टाकी एकदा भरली की उन्हाळ्यातही चार-सहा आठवडे निघतात. आपल्या बोअरला ते झेपेल. विजेबाबत तडजोड नको: पंप शक्यतो २४ व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मर पडवीत, आणि घरातून निघणाऱ्या तारेवर ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच.

जागेची निवड हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे आणि तो मी नकाशावर कधीच करत नाही. संध्याकाळी पडवीत आपण जिथे बसता तिथे खुर्ची टाकून बसावे आणि कोणीतरी झाडीत बादलीतून तांब्याने पाणी ओतावे; जिथला आवाज बोलणे न थांबवता कानावर येतो ती जागा. बहुधा ती पडवीपासून १२ ते २० फुटांवर निघते. मग वर पाहावे. झाडाच्या घेराच्या ऐन मधोमध डोण ठेवू नये, दोन घेरांच्या मधल्या फटीत किंवा कडेला ठेवावी, म्हणजे पाने कमी पडतात आणि सकाळी तासभर तिरपे ऊन धारेवर येते. उंबरापासून आणि बांबूच्या बेटापासून निदान २५-३० फूट दूर राहावे. उंबराची मुळे पाण्याच्या वासाने कोठवर जातात याला सुमार नाही.

टाकीसाठी खणताना झाडांच्या मुळांचा हिशेब ठेवावा. जमिनीतून पाणी ओढणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. छातीइतक्या उंचीवर खोडाची जाडी जितके इंच, तितके फूट त्रिज्येचे वर्तुळ खोडाभोवती राखून ठेवावे आणि त्यात कुदळ लावू नये. म्हणजे १४ इंच जाडीच्या ऐनाभोवती १४ फूट. झाडीत जेसीबी अजिबात आणू नये. तो जे खणतो त्यापेक्षा त्याच्या चाकांखाली दबलेली माती जास्त नुकसान करते, आणि त्याचा परिणाम झाडावर दिसायला दोन-तीन वर्षे लागत असल्याने दोष भलत्याच कारणाला दिला जातो. दोन गड्यांनी पहार-फावड्याने खड्डा दोन-तीन दिवसांत होतो. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागले तर तोडण्याऐवजी खड्डा सरकवावा. निघालेली माती आणि मुरूम खोडांच्या बुंध्याशी ओतू नये, बुंधा गाडला गेला की साल कुजते. आणि उजेडासाठी एखादे झाड काढावे असे मनात आले तर वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते; तशी वेळ येऊ न देता काम बसवणे हेच कारागिराचे कौशल्य.

आता पावसाच्या पाण्याकडे वळतो, कारण आपल्या उताराच्या जागेत खरी गंमत तिथे आहे. पौडकडून ताम्हिणीकडे जावे तसा पाऊस वाढत जातो आणि घाटमाथ्यावर तो वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर जातो. १०० चौरस मीटरच्या छपरावर तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर पाणी पागोळ्यांतून उतरते. आज ते आपल्या परसातून माती वाहून नेत असणार. छपराचे पन्हाळे एकत्र करून ते पाणी दगडी चर काढून झाडीतून नागमोडी नाल्याकडे न्यावे. आठ महिने तो कोरडा ओढा दिसतो, चार महिने खरा ओढा होतो, आणि त्याला ना पंप लागतो ना वीज.

हा ओढा खणण्याआधी एक पावसाळा थांबता आले तर थांबावे. जोराच्या सरीत छत्री घेऊन उभे राहावे, पाणी आपणहून कोठून जाते ते पाहावे आणि त्याच वाटेवर खुंट्या ठोकाव्यात. पाण्याने निवडलेली वाट बदलायला गेलात तर ते दुसऱ्या वर्षी आपली वाट परत घेते. रुंदी दोन ते तीन फूट, खोली ८ ते १२ इंच पुरे, झाडांच्या राखीव वर्तुळात मात्र खणायचे नाही, तिथे फक्त दगड मांडून दिशा द्यायची. दगड जागेवरचेच घ्यावेत, ते धुऊ-घासू नयेत, त्यांवरचे शेवाळ आणि दगडफूल तसेच वर ठेवावे. मोठा दगड दोन तृतीयांश जमिनीत गाडावा. जमिनीवर नुसता ठेवलेला दगड पाहुण्यासारखा अवघडून बसतो. वळणाच्या बाहेरच्या काठावर मोठे दगड, कारण पाणी तिथे कापते, आणि आतल्या काठावर बारीक. सिमेंट कोठेही नको. नाल्यात मिळण्याआधी सहा फूट लांबीचा खोलगट भाग ठेवावा, म्हणजे पाणी क्षणभर थांबते, माती खाली बसते आणि पाणी निवळून पुढे जाते. ही माती मेमध्ये काढून झाडांना घालता येते.

डोणीची टाकीही या ओढ्याला जोडावी, असे कोणी सुचवेल. ते करू नये. छपराच्या पहिल्या सरीत इतका कचरा येतो की पंप आठवड्यात बंद पडेल. टाकीचा सांडवा मात्र चार इंची पाइपने ओढ्यात सोडावा.

लागवड फार करू नये. झाडीच्या जमिनीत बरेच काही आधीच असते आणि पालापाचोळा हातभर बाजूला केला की उगवून येते. डोणीच्या शिंतोड्यांच्या कडेला हंसराज आणि इतर नेचे, ओढ्याच्या खोलगट भागात वेखंड आणि अळू, काठाने पेव आणि रानहळद. रानहळद आणि पेव पावसात वर येतात आणि हिवाळ्यात जमिनीत जातात; ती मेली असे समजून राखणदाराने कंद उपटू नयेत म्हणून तिथे एकेक दगड खुणेला ठेवावा. जलपर्णी कोणी भेट दिली तरी घेऊ नये.

पाणी आले की त्याच्याबरोबर बेडूक येतील आणि बेडकांमागे नानेटी, दिवड हे बिनविषारी साप येतील. पालापाचोळ्यात फुरसे आणि घोणसही असू शकतात. म्हणून डोणीभोवती तीन फूट आणि पडवीपासून डोणीपर्यंतच्या वाटेवर दगडी फरसबंदी करून ती रोज झाडून घ्यावी, बाकी झाडीतला पाला तसाच राहू द्यावा. गोट्यांत हात घालायचा झाल्यास आधी काठीने हलवून पाहण्याची सवय राखणदाराला लावावी.

दिव्यांबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. मेच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत आपल्या ऐन-हिरड्यांवर काजवे येत असतील, तर त्या झाडांवर खालून झोत टाकणारे दिवे लावणे म्हणजे त्यांना हुसकावणे होय. नर-मादीची खूणगाठ त्या लुकलुकण्यावरच असते. वाटेवर गुडघ्याखालचे दोन पिवळसर दिवे पुरेत, आणि त्या तीन आठवड्यांत तेही बंद असावेत.

वर्षभराचे काम मग एवढे उरते: रोज काडी आणि झाडू, फेब्रुवारी ते एप्रिल डोणीतली पाने रोज, टाकीवरचे गोटे महिन्यातून एकदा फावड्याने वरखाली करणे, मार्चमध्ये टाकीचा तळ साफ करून ती पुन्हा भरणे. मेच्या शेवटच्या आठवड्यात पंप काढून धुवावा, सुकवावा आणि पडवीत टांगावा, टाकी काठोकाठ भरावी, आणि डोणीचे भोक उघडे आहे ना ते पाहावे. पावसाळाभर पन्हळीला पंपाची गरज नसते; तिच्या वरच्या तोंडाशी छपराची एक पागोळी वळवून दिली की ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपणहून वाहते. दसऱ्याच्या सुमारास पंप पुन्हा बसवावा. त्या दिवसांत सकाळच्या धारेवर डोके काळे आणि शेपटीला दोन लांब पांढऱ्या फिती असलेला स्वर्गीय नर्तक येतो, फांदीवरून सूर मारून पाण्याला शिवतो आणि परत फांदीवर जातो. तो यावा म्हणून डोणीपासून पाच-सहा फुटांवर, माणसाच्या उंचीवर आडवी गेलेली एक मोकळी फांदी छाटणीत राखून ठेवावी.